पद्मिनीला मारुतीने मारले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला प्रीमियर पद्मिनीवरचा लेख वाचला. लेख जिव्हाळ्याने लिहिला आहे, पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली किरकोळ. सोबतच्या छायाचित्रातली गाडी पद्मिनी नाही. तिच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला आहेत, म्हणजे दार उलटे उघडते. ती पन्नाशीच्या दशकातली फियाट ११००, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. बिजागऱ्या पुढे आल्या त्या १९६४ च्या सुमारास आलेल्या फियाटच्याच ‘डिलाइट’ मॉडेलमध्ये, आणि पद्मिनी ही मुळात ती डिलाइटच.

दुसरी गोष्ट मोठी आहे. ‘मारुती आली आणि पद्मिनी संपली’ असे लेखात एका ओळीत उरकले आहे. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. त्यानंतर पद्मिनी आणखी पंधराएक वर्षे कारखान्यातून बाहेर पडत होती. मारुतीने तिचे गिऱ्हाईक पळवले हे खरे, पण त्याच्या कितीतरी आधी पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीने हात-पाय हलवायचे सोडले होते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. फियाटशी करार झाला तो पन्नाशीच्या सुरुवातीला. १९५३ मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशनने सांगितले की सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवणाऱ्यांनाच धंदा करता येईल. फोर्ड आणि जनरल मोटर्स नुसती जुळणी करत होत्या, त्यांनी गाशा गुंडाळला. मैदानात उरल्या हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड. गाड्या कमी, गिऱ्हाईक जास्त. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, आणि नंबर लागलेली गाडी दुसऱ्याच दिवशी वरकड पैसे घेऊन विकायची, हा सर्रास व्यवहार होता. सरकारने किमतींवर नियंत्रण आणले, त्याविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तो निकाल १९७१ चा. म्हणजे किंमत वाढवायची मुभा नाही आणि गाडी खपेल की नाही याची धास्तीही नाही. अशा वेळी नवीन मॉडेलवर पैसा कोण घालणार? फियाटचा करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने आली. इटलीत हे मॉडेल तोवर इतिहासजमा झाले होते.

गाडीचे गुण नाकारायचे कारण नाही. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. गिअर स्टिअरिंगला, हँडब्रेक डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा ओढायचा, पुढे एकसंध बाकडे. सस्पेन्शनला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. दहा नंबरचा पाना, तेरा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) एवढ्यावर बरेचसे इंजिन रस्त्याच्या कडेला सुटे करता येत असे. टॅक्सीवाल्यांनी ती उचलली ती याच कारणाने. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, आणि पद्मिनी उभी राहिली तरी दुपारपर्यंत पुन्हा चालू व्हायची.

हाच गुण कंपनीच्या पथ्यावर पडला आणि तिथेच घात झाला. गाडीतले दोष गल्लीतले मेकॅनिक निस्तरत होते, त्यामुळे कारखान्याला ते मुळातून काढायची निकड वाटली नाही. उन्हाळ्यातली व्हेपर लॉकची तक्रार घ्या. पेट्रोलचा पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला. एप्रिल-मेमध्ये सिग्नलला गाडी तिष्ठत राहिली की पंपातच पेट्रोलची वाफ होते, पेट्रोल ढकलणारा पंपातला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. ओले फडके पंपावर टाकून दहा मिनिटे थांबायचे, हा उपाय मुंबईच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होता. पण पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा बेकलाइटचा ठोकळा असतो. दुरुस्तीत तो फुटला की पुष्कळ ठिकाणी नुसते कागदी पॅकिंग टाकून पंप बसवतात. मग पंप तापतोच, शिवाय त्याच्या दांड्याची चालही बदलते. आजही ज्याची पद्मिनी उन्हात बंद पडते त्याने फडके शोधण्याआधी तो ठोकळा जागेवर आहे का ते पाहावे.

स्टिअरिंगच्या गिअरचेही तसेच. कॉलमच्या खालून निघणाऱ्या दांड्यांचे बुश ग्रीसवाचून आणि इंजिनच्या उष्णतेने झिजतात. झिजले की गिअरच्या खटक्यांमध्ये गोंधळ होऊन गिअर अडकतो. इंजिन बंद करून, बोनेट उघडून, कॉलमच्या बुडाशी असलेले लिव्हर हाताने न्यूट्रलला आणले की सुटतो. बुश बदलायचे काम थोडक्यातले आहे. ते न करता लोकांनी फ्लोअर शिफ्ट, म्हणजे खाली जमिनीतून येणारा गिअरचा दांडा, बसवून घेतला, त्यासाठी फ्लोअर कापला, आणि कापलेल्या कडेने पुढे पत्रा सडला. कंपनीने स्वतः फ्लोअर शिफ्ट दिला तो थेट अखेरच्या काळात.

आता ऐंशी-नव्वदच्या दशकात कंपनीने काय केले ते पाहा. १९८५ मध्ये ११८ एनई आणली. सांगाडा फियाट १२४ चा, जी युरोपात १९६६ मध्ये आली होती. इंजिन निसानचे, ११७१ सीसी. इंजिन उत्तम होते, आजही त्याचे नाव निघते. पण वीस वर्षे जुन्या सांगाड्यात ते घातल्यावर गाडी नवी कशी म्हणायची? पद्मिनीचे आणि तिचे महत्त्वाचे भाग एकमेकींना चालेनात, म्हणजे दोन वेगळ्या साखळ्या सांभाळणे आले. १९९३ मध्ये मोटारींचा परवाना राज संपला आणि त्यानंतर एकापाठोपाठ दोन परदेशी सोयरिकी झाल्या. प्यूजोबरोबर कल्याणच्या कारखान्यात ३०९, फियाटबरोबर कुर्ल्यात युनो. प्यूजो दशक संपायच्या आत निघून गेली. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या भागीदारीत गेला. ज्या कंपनीकडे एका गाडीचाही स्वतःचा आराखडा नव्हता, तिने तीन परक्या आराखड्यांचे ओझे एकदम उचलले. पुढे चिंचवडहून ‘रिओ’ नावाची छोटी गाडी काढून पाहिली, तीही चीनमधून आलेल्या भागांवर. ती चालली नाही आणि कंपनी अखेर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मारुतीकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण मारुतीने आपल्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचे जाळे उभे केले, तसे जाळे मुंबई-पुणे-ठाणे पट्ट्यात प्रीमियरला कितीतरी आधी विणता आले असते.

टॅक्सीच्या शेवटाबद्दलही थोडे. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. लेखात तिचे इंजिन ‘सीएनजीने खाल्ले’ असे आहे. गॅसला दोष देण्याआधी कारण समजून घ्यावे. पेट्रोल वाफ होताना आत येणारी हवा गार करते, गॅस तसे करत नाही. शिवाय गॅस सावकाश जळतो, त्यामुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडे आधी घ्यावे लागते. किट बसवताना टायमिंग पेट्रोलचेच ठेवले तर ज्वाला एक्झॉस्टपर्यंत जळत जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट दबत जाते. सीट दबली की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, कमी होतो. पद्मिनीत टॅपेट वाजला तर लोक घाबरतात. खरे तर न वाजणारा टॅपेट जास्त धोक्याचा, कारण गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळते. गॅसवरच्या गाडीचा गॅप पेट्रोलच्या गाडीपेक्षा दुप्पट वेळा तपासायला हवा होता. बहुतेक लोक तो तपासायला आवाज होण्याची वाट पाहत राहिले, आणि आवाज तर होणारच नव्हता.

दुसरी वाईट खोड थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची. गाडी तापते म्हणून काढतात. मग इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त जाते, तेलात पाण्याचा अंश धरतो आणि सिलिंडर लवकर घासतो. तापण्याचे खरे कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर किंवा नळाच्या पाण्याने ब्लॉकमध्ये साचलेला गाळ असतो. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा जास्त तापले की वाकते आणि गॅस्केट उडते. नवे गॅस्केट टाकण्यापूर्वी हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी धरून फीलर गेज सरकते का पाहावे. ०.०५ मिलिमीटरची पाती आत शिरली तर आधी फेसिंग करावे, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करावा. नट आवळायचे ते मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. एका टोकाकडून आवळत गेल्यास महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

ज्यांना आज जुनी पद्मिनी घेऊन उभी करायची हौस आहे, त्यांना एवढेच सांगणे की इंजिनाकडे शेवटी पाहा. ते बनते. पत्रा बनत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालच्या सिल, बॅटरीखालचा पत्रा, मागच्या पाट्यांचे टेकू आणि दाराचा तळ इथे चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सिल सडली असेल तर जॅक लावताना दार अडकू लागते, ही हमखास खूण. त्यानंतर पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ दिसला आणि कोणी ब्रेक दाबून धरल्यावरही राहिला, तर बेअरिंग ठीक आहे आणि किंगपिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खिळ्याचे, बुश गेले आहेत. किंगपिनला ग्रीस निपल दिलेले आहेत, पण रंगकामात ते बुजतात आणि मग कोणाला त्यांची आठवण राहत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि जुन्या मॉडेलात ब्रेकची लाइन एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला तर चारही ब्रेक जातात. उभ्या राहिलेल्या गाडीत चारही व्हील सिलिंडरचे रबर डोळे झाकून बदलावेत.

आणि आता नवे संकट आहे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. पंपाचा डायफ्रॅम आणि जुने रबरी पाइप त्याने फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, ते टाकीच्या तळाला बसून गंज धरते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, येऊन अडकतो. पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या वायटॉन रबराचे घ्यावेत, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावावा. गाडी पंधरवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल रिकामा करावा. मिश्रण पातळ होत असल्याने गाडी चढावर मिसिंग मारू लागल्यास, म्हणजे अडखळू लागल्यास, मुख्य जेट एक माप मोठा लागतो. टायमिंगशी खेळून हा दोष जात नाही.

जुने ते जपा असे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. ते कोणत्या नियमाखाली? केंद्राचे जुलै २०२१ चे व्हिंटेज नियम पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांनाच लागू आहेत. नव्या नोंदणीला शुल्क २० हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे, आणि रोजच्या वापराला बंदी. ५० वर्षांच्या अटीत आज बसतात त्या फक्त सत्तरीच्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी. सर्वांत जास्त शिल्लक आहेत ऐंशी आणि नव्वदच्या दशकातल्या. त्यांना दर पाच वर्षांनी साधे नूतनीकरण करावे लागते, आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ते शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. वर्षाला पाच-सहाशे किलोमीटर चालणारी पद्मिनी आणि रोज धूर ओकत फिरणारी जुनी गाडी यांना एकच दर. ३० वर्षांपुढच्या, मर्यादित वापराच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करावा, त्यासाठी वर्षाकाठचे किलोमीटर बांधून द्यावेत आणि धुराची तपासणी कडक ठेवावी. त्याला आमची हरकत नाही.

शिवाय एक मागणी राज्य शासनाकडे. दिवाळखोरीत कंपनीची जमीन आणि यंत्रे यांचे मोल होते, भागांच्या ड्रॉइंगकडे कोणी पाहत नाही. किंगपिन, गिअर लिंकेजचे बुश, पंपाचा ठोकळा, दाराची रबरे या भागांची मूळ मापे मिळाली तर कोणताही लेथवाला ते नीट बनवू शकतो. आज झिजलेल्या भागावरून माप घेऊन नवा भाग बनतो, म्हणजे तो जन्मतःच झिजलेला. जी ड्रॉइंग शिल्लक असतील ती भंगारात जाण्याआधी एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनाकडे सोपवावीत आणि माफक शुल्कात त्यांच्या प्रती मिळाव्यात. आपल्या वार्ताहराने परिवहन आणि उद्योग या दोन्ही खात्यांना याबाबत विचारावे, ही विनंती.

आपले,
पद्मिनीची दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक आणि गाडीमालक