उंदराचं पाऊलही नीट मोजलं जावं: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात हाताच्या दुखापतींनंतरचे व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या कारखान्यांतले. कुणाची पत्र्याने मनगटाशी नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) कापलेली, कुणाचा दंड मशीनमध्ये सापडलेला. ‘मॅडम, शर्टाचं बटण कधी लावता येईल?’ याचं उत्तर मला जपून द्यावं लागतं. माणसाची तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. दंडात तुटली, तर तळहाताच्या बारीक स्नायूंपर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ जातो, आणि तेवढ्यात ते स्नायू वाळून जातात.

म्हणून नस लवकर वाढवणाऱ्या उपचारांवरचं संशोधन मी आशेने वाचते. ते बहुतेक उंदरांवर होतं, आणि तिथल्या मोजमापाची मला काळजी वाटते.

मांडीतली नस दुखावलेल्या उंदराच्या मागच्या पंजांना शाई लावून त्याला अरुंद वाटेने कागदावर चालवतात. नस गेली असेल तर ठसा लांबतो, बोटं जवळ येतात. दोन्ही पायांचे ठसे ताडून अंक काढतात: ० च्या आसपास म्हणजे चाल ठीक, उणे १०० म्हणजे नस पूर्ण निकामी. १९८२ ची ही पद्धत, सूत्रात १९८९ मध्ये सुधारणा झाली. स्वस्त आहे, कुठल्याही कॉलेजात जमते. पण बधिर बोटं उंदीर स्वतःच कुरतडतो, कधी बोटं आखडतात, आणि ठसा वाचताच येत नाही. असे उंदीर हिशेबातून न सांगता वगळले, तर निकाल उगाच चांगला दिसतो.

त्याहून मोठी अडचण वेळेची. उंदराची नस आपल्यापेक्षा वेगाने वाढते, अंतरही थोडंच. जास्त आठवडे थांबलं की उत्तम आणि सुमार उपचार सारखेच दिसू लागतात. मोजायचे दिवस प्रयोगाआधीच लिहून ठेवायला हवेत.

नुसते सूक्ष्मदर्शकाखाली नसेतले नवे तंतू मोजूनही भागत नाही. पनवेलला जायचं आणि गाडी कर्जतला पोहोचली, तसे तंतू भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. संख्या भरपूर, हालचाल नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी १९६० च्या केंद्रीय कायद्याखाली येते, हे मला माहीत आहे. पण राज्याच्या कॉलेजांतले प्रबंध आणि राज्याचा निधी आपल्या हातात आहे. तिथे एवढं सक्तीचं करा: चालीबरोबर स्नायूची ताकदही मोजावी, ठसे वाचणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळू नये, वगळलेला प्रत्येक प्राणी कारणासह नोंदवावा, मूळ ठसे जपून ठेवावेत. हाताच्या नसेवरचा उपचार असेल, तर पुढच्या पंजाची पकडही तपासावी. माझ्या रुग्णांचं पोट त्याच पकडीवर आहे. खराब मोजमापासाठी जीव दुखावणं तर मला मुळीच पटत नाही.

हे निकष ठरवणाऱ्या समितीत शल्यचिकित्सकांच्या बरोबरीने एक फिजिओथेरपिस्ट घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, ठाणे