कुत्रा सोडू नका, घर शोधा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात फुटाळा तलावाच्या काठी गळ्यात पट्टा असलेला एक लॅब्रेडॉर दिसला. मालकाचीच गाडी समजून येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तो धावत होता. जीव कळवळला. बदली, आजारपण, घरमालकाची हरकत या अडचणी खऱ्या असतात. पण घरात वाढलेल्या जिवाने नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात रस्त्यावर कसे तगायचे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला असे उपाशी-तहानलेले सोडणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड मात्र १० ते ५० रुपये!

आधी नातेवाईक, शेजारी, नेहमीचे पशुवैद्यक यांना विचारा. नवे घर स्वतः जाऊन बघा. रेबीजच्या लसीचे कार्ड द्या, तो कुणावर गुरगुरतो का तेही सांगा, लपवू नका. शक्यतो नसबंदी करूनच द्या. जातिवंत मादी फुकट मागणाऱ्या काहींना पिल्लांचा धंदा करायचा असतो. सोबत त्याची जुनी चादर द्या, ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. महिनाभर तरी फोनवर चौकशी करा आणि तिथे जमलेच नाही, तर त्याला परत आणायची तयारी ठेवा.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर