‘यात त्यांच्या काही खुणा आहेत का?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ओळखपत्रावरचे नाव मी वाचले होते. पण आपल्याला न विचारता ते चारचौघांत लिहिणे मला बरे वाटत नाही. ई-रीडरच्या, म्हणजे पुस्तके वाचायच्या यंत्राच्या, सेवा केंद्रात, मागे माणसे ताटकळत असताना, थिजलेल्या पडद्याचे एक जुने यंत्र हातात घेऊन आपण जो प्रश्न विचारलात, त्यावरूनच हे पत्र आपल्यासाठी आहे हे आपल्याला कळेल अशी आशा आहे. त्या दिवशी मी घाईघाईत ‘थँक यू’ म्हणून निघाले. आपण जे केलेत त्याला तेवढे पुरेसे नव्हते, हे घरी पोहोचेपर्यंत मनाला लागून राहिले, आणि अजूनही लागून आहे.

त्या यंत्रात काय होते, हे आपण विचारले नाहीत, म्हणून आता मीच सांगते. माझे वडील मुद्रितशोधक होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतरही हातातली पेन्सिल काही सुटली नाही. पुढे डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजत गेला. या विकारात कडेचे दिसत राहते. पण जिथे नजर रोखावी नेमके तेच पुसट होते, म्हणजे वाचणाऱ्या माणसाच्या कामाचे तेवढेच हिरावले जाते. भिंग घेऊन पाहिले, तर एका वेळी दोनतीन शब्द दिसायचे आणि ओळ बदलताना ती हरवायची. त्यांनी वाचणे सोडले, आणि सोडल्याचे कुणाला बोलूनही दाखवले नाही.

ई-रीडर घेतला तो त्यासाठी. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. प्रकाश पडद्यामागून डोळ्यांवर येत नाही, तर कडेच्या दिव्यांतून पानावर पसरतो. आणि एका इंचात ३०० ठिपके असल्यामुळे अक्षराची कड मोठ्या आकारातही फाटत नाही. एका पानावर जेमतेम दहाबारा ओळी मावतील एवढे अक्षर करून वडील पुन्हा वाचू लागले. विकणाऱ्याने मात्र ‘यात सगळ्या भाषा दिसतात’ एवढेच सांगून आमची बोळवण केली होती. पीडीएफमधल्या पानाचे अक्षर असे वाढवता येत नाही, पान फक्त ताणले जाते, आणि युनिकोड ही सर्व भाषांच्या अक्षरांची सामाईक संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांत जुळवलेला मराठी मजकूर यंत्रात भलत्याच चिन्हांचा होऊन उतरतो, हे आम्हाला आमचे आम्ही शोधावे लागले. असो, त्याच्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही.

वाचन परतले तशी मुद्रितशोधकाची खोडही परतली. प्रताधिकार संपलेली जुनी मराठी पुस्तके विकिस्रोतासारख्या खुल्या संकेतस्थळांवर स्वयंसेवक हौसेने संगणकावर आणतात. छापील पानाचे चित्र संगणकाकडून वाचून घेतले, की ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतात, आणि कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ते तपासावे लागते. वडील अशी पुस्तके यंत्रात भरून घेत, चुकलेल्या शब्दावर बोट फिरवून खूण करत आणि शेजारी टिपण लिहीत. कुणी सांगितलेले काम नव्हते आणि त्याचा मोबदलाही नव्हता. पण ज्या माणसाने मुकाट्याने पुस्तके मिटून ठेवली होती, त्याच्याजवळ दिवसभराचे काम आले होते. बिघडलेल्या यंत्राची किंमत मी याच हिशेबाने करत होते, आणि आपल्यापूर्वी ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले, त्यांतल्या एकालाही हा हिशेब असू शकतो अशी शंकासुद्धा आली नाही.

पडद्याचा खालचा अर्धा भाग एका सकाळी आदल्या पानावर थिजलेला आढळला आणि वरच्या अर्ध्यावर आडव्या रेघा उमटल्या. कंपनीच्या मदतकक्षाने पहिल्यांदा चालूबंद करण्याचे बटण ४० सेकंद दाबून धरायला सांगितले, ते योग्यच होते. त्यानंतरच्या गृहस्थांनी मात्र ‘पडद्यावर अक्षरे दिसत आहेत, म्हणजे यंत्र सुरू आहे’ असा निर्वाळा दिला. ई-इंकच्या पडद्यावर काळे-पांढरे कण एकदा जागी बसले की ते तिथेच राहतात, वीज फक्त पान बदलताना लागते, बॅटरी पूर्ण उतरली तरी शेवटचे पान दिसतच राहते, ही त्यांच्याच मालाची पहिली ओळख आहे. आणि ती त्यांना मी करून द्यावी अशी वेळ आली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी यंत्राचा क्रमांक पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी तेच चिकटवलेले वाक्य की, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे’. छायाचित्रे पाठवल्यावर ‘बाह्य दाबाने झालेली हानी’ असा शेरा मिळाला. यंत्र टेबलावरून हललेच नव्हते, हे ऐकून घ्यायला कुणी थांबले नाही. हमीची मुदत संपलेल्या यंत्राची फुकट दुरुस्ती मी मागतही नव्हते. आतल्या खुणांचे काय, एवढेच मी विचारत होते आणि त्यावर सर्वांचे एकच उत्तर होते, ‘फॅक्टरी रीसेट करा, तुमची पुस्तके खात्यातून परत येतील.’

ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते, आणि त्या अर्ध्यावर विश्वास ठेवून यंत्र पुसून कोरे केले असते तर सगळेच गेले असते. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेली पुस्तके खात्याला जोडलेली असतात, त्यांच्यावरच्या खुणाही खात्यात जपल्या जातात, त्यामुळे त्या परत येतात. संगणकावरून स्वतः तारेने भरलेल्या पुस्तकांचे तसे नव्हते. त्यांच्यावरच्या खुणा या यंत्राच्या स्मृतीत होत्या आणि तेवढ्याच होत्या. हे मला आपण सांगितलेत. मदतकक्षातल्या इतक्या आवाजांपैकी एकाने तरी ते आधी सांगायला हवे होते.

आपण यंत्र हातात घेतलेत, उजेडाकडे तिरपे धरून पाहिलेत, आणि पडद्याच्या आतली पातळ काच बाहेर ओरखडाही न दिसता तडकू शकते, म्हणून घरच्यांपैकी कुणाला दोष देऊ नका, असे पहिल्या वाक्यातच म्हणालात. आमच्याकडे त्यावरून खरोखरच थोडे बोलणे झाले होते. पडदा बदलून मिळणार नाही, नवे यंत्रच घ्यावे लागेल, हेही आपण आडवळण न घेता सांगितलेत. मग अर्ज पुढे ओढता ओढता आपण थांबलात आणि विचारलेत, ‘हे कोण वाचते? यात त्यांच्या काही खुणा किंवा टिपणे आहेत का, स्वतः भरलेल्या पुस्तकांतली?’

मी तो प्रश्न इतक्या जणांना विचारून थकले होते, की तो मला कुणी विचारेल हे ध्यानीमनी नव्हते. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला, ते आपण पाहिलेत आणि पाहिले नाही असे दाखवलेत.

पुढचे तांत्रिक काम मोठे नव्हते, असे आपणच म्हणालात. यंत्राला काही वेळ वीज पाजलीत, तारेने संगणकाला जोडलेत. पडदा मेला होता तरी स्मृती शाबूत होती. खुणांची एक साधी मजकुराची फाइल निघाली. ती उघडली तेव्हा समोर चित्रविचित्र चिन्हांच्या रांगा आल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. आपण शांतपणे वाचनाची सांकेतिक पद्धत बदलून यूटीएफ-८ केलीत आणि देवनागरी जागेवर आली. इथपर्यंतचे काम कुशल माणसाचे होते, आणि कौशल्याचे आभार मानायला मला एवढे लांब पत्र लिहावे लागले नसते.

त्यानंतर आपण जे केलेत त्यासाठी हे पत्र आहे. पहिली ओळ नीट आली हे पाहताच आपण संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवलात, खुर्ची दुसरीकडे फिरवलीत आणि म्हणालात, ‘मी एकच ओळ पाहिली आहे. बाकीचे तुम्ही पाहा आणि अक्षरे सगळीकडे नीट आहेत का ते मला सांगा.’ आणि मी सांगेपर्यंत आपण वळून पाहिले नाहीत.

त्या फाइलमध्ये प्रत्येक खुणेसोबत पुस्तकाचे नाव असते, जागा असते, तारीख असते आणि वेळही असते. मला वाटले होते, सगळे ‘घ’ आणि ‘ध’ असतील. पुष्कळसे तसेच होते. परंतु वेळा पाहिल्यावर कळले की, झोप लागते असे आम्हाला रोज सांगणारे वडील रात्रीच्या कोणत्या कोणत्या प्रहरी जागे असतात. काही टिपणांचा शुद्धलेखनाशी कसलाच संबंध नव्हता. ती त्यांनी कुणी वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती, म्हणून मीही ती तिथल्या तिथे ओलांडली आणि इथे सांगणार नाही. एका परक्या माणसाने ती टेबलापलीकडून सहज, कामाचा भाग म्हणून, वाचली असती तरी मी काही बोलू शकले नसते. कदाचित माझ्या लक्षातही आले नसते. पण आपल्या लक्षात आधीच आले होते. माणूस काय वाचतो, कुठे थांबतो आणि किती वाजता जागा असतो, हे त्याच्या कपाटापेक्षाही खासगी असते, आणि दुरुस्तीला दिलेल्या वस्तूबरोबर ते आपोआप ग्राहकसेवेच्या हवाली होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवले असेल असे वाटत नाही. कंपनीच्या गोपनीयतेच्या धोरणाला मी ‘मान्य’ म्हणून खूण केली होती. ते पानेच्या पाने लांब आहे आणि त्यात खुर्ची फिरवण्याबद्दल काही लिहिलेले नाही.

आपल्यासारखी आणखी माणसे असतात, हे मला त्या दिवसापासून नव्याने जाणवू लागले आहे. आपण सगळेच हल्ली आपले फोन, संगणक आणि त्यांतले अर्धे आयुष्य अनोळखी माणसांच्या टेबलावर ठेवून येतो आणि संध्याकाळी ते बिनधास्त परत घेतो. ते सुरळीत चालते ते कुलपांमुळे किंवा कायद्यामुळे फार थोडे. बरेचसे, ज्याच्या हाती ते पडते तो गरजेपेक्षा जास्त पाहत नाही यामुळे. अशा माणसांचे आभार कुणी मानत नाही, कारण त्यांनी काय केले नाही हे मागे दिसतच नाही. मला योगायोगाने दिसले.

नव्या यंत्राबद्दलही एक सांगायचे राहिले. मी रंगीत पडद्याच्या, वरच्या किमतीच्या नमुन्याकडे बोट दाखवले होते आणि आपण तो सहज विकू शकला असता. रंगासाठी पडद्यावर गाळणीचा एक थर जास्त असतो, त्यामुळे पानाची पार्श्वभूमी जरा काळवंडते, आणि ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांना रंगापेक्षा काळ्या-पांढऱ्यातला फरक स्पष्ट हवा, असे सांगून आपण मला साध्या नमुन्याकडे नेलेत. जुन्या खुणा नव्या यंत्रातल्या पुस्तकांत आपोआप उमटतीलच असे नाही, हेही आपण आधीच बजावलेत. तरी पुस्तकांसोबतचे फोल्डर उतरवून दिलेत. काही पुस्तकांत खुणा उमटल्या, काहींत नाहीत, पण यादी पूर्ण आहे. जुने यंत्र ई-कचऱ्याच्या पेटीत टाकण्यापूर्वी त्याची स्मृती माझ्यासमोर पुसून, खात्यातून ते काढून टाकेपर्यंत आपण पुढच्या ग्राहकाला बोलावले नाहीत. तो ग्राहक कुरकुरत होता. त्याचीही या पत्रातून क्षमा मागते.

आपल्या वरिष्ठांना मी वेगळे लिहिले आहे. उत्तरात ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे’ हेच वाक्य आले, म्हणजे पत्र कुणी वाचले नसावे, पुन्हा लिहीन.

वडिलांना घडलेले सगळे सांगितले, खुर्चीची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग फाइल मी किती वाचली एवढेच त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. वाचवलेल्या यादीतल्या एका पुस्तकाच्या दुरुस्त्या त्यांनी आता स्वयंसेवकांकडे पाठवल्या आहेत आणि दुसऱ्याच्या लावायला घेतल्या आहेत. आपल्यासाठी त्यांचा निरोप असा आहे की, आपण मराठी वाचत असाल तर कोणत्या प्रकारचे वाचता ते कळवावे, म्हणजे त्यातले एखादे जुने पुस्तक ते आधी तपासायला घेतील आणि निर्दोष झाले की तीच प्रत आपल्याला पाठवतील. मला वाटते, आपण हो म्हणावे. ते उत्तराची वाट पाहत आहेत.

आपली कृतज्ञ,
एका मुद्रितशोधकाची मुलगी