समासातल्या तीन प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

इतिहास आणि लोकसाहित्य हा तुमचा प्रांत असूनही फँटसी लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं तुम्ही मनापासून वाचून दिलीत, म्हणून हे जाहीर पत्र. चुका दाखवणारे पुष्कळ असतात. तुम्ही समासात पेन्सिलीने फक्त विचारत गेलात: ‘हे खातात काय?’, ‘हे विणलं कोणी?’, ‘ही गोष्ट कोणी सांगितली?’ जादूचे नियम पक्के केले की जग उभं राहतं, हा आम्हा लेखकांचा लाडका समज. या प्रश्नांपुढे तो टिकत नाही.

सैन्याचंच घ्या. पाच हजार घोडेस्वार किल्ल्याला महिनाभर वेढा घालतात, हे लिहायला एक ओळ पुरते. पण एका घोड्याला दाणा-वैरण मिळून रोज साधारण 10 किलो लागतं, म्हणजे दिवसाला 50 टन. बैलगाडीत अर्धा टन माल धरला तर रोज 100 गाड्या, आणि त्या ओढणारे 200 बैलही खाणारच. हा हिशेब मांडला की कथानक आपोआप हलतं: मोहीम गवताच्या हंगामात निघते, वाट नदीकाठाने जाते, आणि किल्ल्यातल्यांच्या आधी वेढा घालणाऱ्यांवरच उपासमारीची पाळी येऊ शकते.

कापडाचा हिशेब याहून चक्रावणारा. सेंटिमीटरला उभे दहा, आडवे दहा धागे असं बेताचं कापड धरलं, तरी एका चौरस मीटरला 2,000 मीटर सूत. चार चौरस मीटरच्या झग्याला 8 किलोमीटर. टकळीवर तासाला 50 मीटर सूत निघतं असं मानलं तर नुसत्या कताईचे 160 तास. पिंजणं, विणणं, रंगवणं वेगळंच. मग नायक काट्यात अडकलेला झगा तिथेच टाकून पुढे जात नाही, सोडवून घेतो. आणि ज्या गावात एकाही बाईच्या हातात टकळी नाही, ते गाव खोटं वाटायला लागतं. (तलवारीचं थोडक्यात: एकहाती तलवार साधारण एक ते दीड किलोची. दहा किलोचं खड्ग उचलून दिवसभर कोणी लढत नाही.)

लोककथांच्या बाबतीत मात्र तुमचं ऋण सर्वांत मोठं. ‘मूळ, प्राचीन कथा’ म्हणून आम्ही जे उचलतो ते बऱ्याचदा कुणीतरी संपादित केलेलं असतं. ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथासंग्रहाच्या 1812च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. 1819च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. म्हणून तुमची पद्धत: लोककथांच्या प्रकारांना क्रमांक देणाऱ्या आर्ने, थॉम्पसन आणि उथर या अभ्यासकांच्या सूचीतून कथेचा क्रमांक काढायचा, निरनिराळ्या भाषांतली निदान तीन रूपं शेजारी मांडायची, प्रत्येकापुढे सांगणारा, गोळा करणारा आणि साल लिहायचं. सगळीकडे टिकतो तो सांगाडा. बदलतं ते त्या त्या समाजाचं.

क्रमांक 302 पाहा, राक्षसाचा जीव शरीराबाहेर असण्याची कथा. आपल्याकडे तो पोपटात, रशियन कथेत अंड्यातल्या सुईत. जागा बदलते, पण तिचा पत्ता काढून घेणारी बहुतेक वेळा तीच: कोंडलेली राजकन्या. राक्षस आधी खोटी ठिकाणं सांगतो, ती लाडीगोडीने पुन्हा पुन्हा विचारते आणि खरं वदवून घेते. राजपुत्राचं काम त्यानंतर सुरू होतं. खिडकीत बसून वाट पाहणारी असहाय राजकन्या आम्ही परंपरेच्या नावावर खपवत आलो. या कथेत तरी ती सापडत नाही.

एका मुद्द्यावर मतभेद आहेत, ते राहू द्या. बटाटा मूळचा अमेरिकेतला, म्हणून जुन्या युरोपसारख्या कल्पित जगातून तो हद्दपार करण्याचा तुमचा आग्रह आम्हाला मान्य नाही. आमच्या नकाशावर अमेरिका नाही, तसा युरोपही नाही; तो समुद्र ओलांडून आला की नाही, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. तो कोण पिकवतं आणि वर्षभर कुठे साठवतं, हे मात्र पुढच्या खर्ड्यात लिहून पाठवतो.

आपले कृतज्ञ,
फँटसी लिहिणारे आम्ही काही जण