निकालासोबत लॅपटॉपचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवात आमच्या शेजारच्या संकुलात कॉलेजच्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामची स्पर्धा झाली. आपल्या ठाणे पानावर बातमी आली, विजेत्याचा फोटोही आला. मुलाचं कौतुकच आहे. पण प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणला होता, हे बातमीत कुठेच नाही.

आधीच सांगतो, माझी नात त्यात हरली. तेव्हा हा आजोबांचा रडीचा डाव वाटला तर वाटू द्या. पण वागळे इस्टेटमध्ये टूलरूम इन्स्पेक्शनला तीस वर्षं काढलेला माणूस मी. दोन जॉब (घडवलेले सुटे भाग) दोन वेगळ्या गेजने मोजून त्यातला सरस कोणता हे आम्ही कधी ठरवलं नाही.

नातीचा लॅपटॉप सहा वर्षांचा. एक्स्टेंशन बोर्डाला चारच पिना, म्हणून तिच्या वाट्याला बॅटरी आली. बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःहून मंदावतो. त्यात मांडवातला उकाडा. तापला की प्रोसेसर आणखी हळू होतो. विजेता मुलगा दिलदार. त्याने नंतर तिचा प्रोग्राम आपल्या गेमिंग लॅपटॉपवर चालवून दाखवला, तर सेकंदाला तिप्पट पोझिशन, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांच्या स्थिती, तपासल्या जात होत्या!

आता वेग तिप्पट म्हणजे खेळ तिप्पट चांगला का? नाही. डावाच्या मध्यात एकेका पोझिशनमध्ये पस्तीसेक चाली शक्य असतात. निरुपयोगी फांद्या छाटल्या तरी पुढच्या प्रत्येक चालीला काम काही पटींनी वाढतं. वेग दुप्पट केला तर जेमतेम एखादी चाल पुढचं दिसतं. घरी मी नातीचा प्रोग्राम स्वतःशीच खेळवला, एका बाजूला दुप्पट वेळ देऊन. म्हणजे यंत्र दुप्पट वेगाचं झाल्यासारखंच. रात्रभरात चाळीस डाव झाले. दुप्पट वेळवाली बाजू पुढे राहिली, पण बरोबरीचे डावही पुष्कळ, आणि काही ती चक्क हरली. तुल्यबळ प्रोग्राम असतील तर मात्र तेवढा फरक निकाल फिरवायला पुरतो.

मोठ्या लढतींतही यंत्राचा वेग कधी कामी आला, कधी नाही. 1995 साली हाँगकाँगच्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत 90 मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियम प्रोसेसरवरच्या फ्रिट्झ या प्रोग्रामने आयबीएमच्या डीप ब्लू या महासंगणकाच्या प्राथमिक आवृत्तीला हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. दोनच वर्षांनी त्याच आयबीएमने सेकंदाला 20 कोटी पोझिशन तपासणारं यंत्र उभं करून जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं. 2017 साली गुगलच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश या दुसऱ्या प्रोग्रामविरुद्ध शंभरपैकी 28 डाव जिंकले, बाकीचे बरोबरीत सोडवले. तो सेकंदाला 80 हजार पोझिशन पाहत होता, स्टॉकफिश सात कोटी! मात्र अल्फाझीरोकडे गुगलच्या खास चिप्स होत्या, आणि स्टॉकफिशला मेमरी तुटपुंजी दिली म्हणून वाद झाला तो झालाच. टीसीईसी या बुद्धिबळ-प्रोग्रामांच्या स्पर्धेत प्रोग्राम आयोजकांच्याच यंत्रांवर चालतात. तिथेही काही ग्राफिक्स कार्डावर, काही प्रोसेसरवर. त्यांची बरोबरी नेमकी कशी लावायची, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे एवढी गुंतागुंत नाही. एकच लॅपटॉप घ्यावा, चार्जरला जोडावा, दोन्ही प्रोग्राम त्यावर आळीपाळीने चालवावेत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करायची सोय बंद ठेवावी. आम्ही पुढच्या रविवारी तेच केलं. आठ डावांत विजेत्याचाच प्रोग्राम पुन्हा सरस ठरला, पण फक्त एका गुणाने. मांडवात तिने दोन्ही डाव गमावले होते.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की अशा बातमीत प्रोग्राम कोणत्या यंत्रावर चालला, हे एका ओळीत द्यावं. धावण्याच्या शर्यतीत वारा मागून होता का, हे नोंदवतातच ना!

आणि पुढच्या वर्षी आयोजकांनी सहा पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड आणावा. नसेल तर माझ्याकडे आहे, मी नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम इन्स्पेक्टर,
वर्तकनगर, ठाणे (प.)