नोंदवहीत एक रकाना वाढवा: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

'लेस, पांढरी, जुनी, १ नग.' संग्रहालयात आलेल्या लेस, भरतकाम, पंखे, फण्या, बटवे यांची नोंद बहुतेक वेळा एवढ्यावरच आटोपते. काचपेट्या आणि दिवे मागायला आपल्याकडे पुष्कळ जण येत असतील. आमचे मागणे त्याहून स्वस्त आहे. नोंदवहीत 'कसे केले' हा रकाना वाढवावा, आणि तो भरल्याशिवाय वस्तू कपाटात जाणार नाही असा आदेश काढावा.

लेसवर ना सही असते ना तारीख. तिचे वय बांधणीवरूनच कळते, आणि त्यासाठी दहापट भिंग पुरते. सुईच्या लेसमध्ये एकच धागा असतो आणि जिकडेतिकडे काजाचा टाका दिसतो. ती करताना चर्मपत्रावर नक्षी काढून त्याखाली दुहेरी कापड लावत. रेषांवर जाड धागा टाचून घेत, मधल्या जागा काजाच्या टाक्यांनी भरत आणि शेवटी दोन कापडांच्या मधून टाचण्यासाठी घातलेले टाके कापत, की लेस अलगद सुटून हातात येई. खाली कापड उरत नाही, म्हणून सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये तिला 'पुंतो इन आरिया', म्हणजे हवेतला टाका, म्हणत. कांड्यांच्या लेसमध्ये काजाचा टाका शोधूनही सापडणार नाही. तिथे उशीवर टाचण्या रोवून कांड्यांच्या जोड्या फिरवतात आणि हालचाली दोनच: एकमेकींवरून नेणे आणि पीळ देणे. त्यामुळे भिंगाखाली विणलेले कापड आणि वेणी दिसते.

घोळ पुढे होतो. जॉन हीथकोटने १८०९ मध्ये पिळाच्या षट्कोनी जाळीच्या यंत्राचे पेटंट घेतले. लेसची जमीन, म्हणजे नक्षीमागची जाळी, अशा यंत्रावरची असेल, तर ती जोडणी त्याआधीची असूच शकत नाही. पण वरची फुले हातची असू शकतात, आणि जमिनीपेक्षा कितीतरी जुनीही. जुनी फुले सोडवून नव्या जाळीवर बसवण्याची रीत होती. म्हणून रकान्यात 'जमीन' आणि 'नक्षी' वेगवेगळी लिहावी. एकाच शब्दात उरकले की निम्मी नोंद हमखास खोटी.

सर्वांत जास्त फसवते ती रासायनिक लेस. रेशमी कापडावर यंत्राने सुती भरतकाम करायचे आणि कॉस्टिक सोड्यात रेशीम विरघळवून टाकायचे, ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. हातभर अंतरावरून ती व्हेनिसची वाटते. भिंगाखाली मात्र काजाचा फास नसतो, वेणीही नसते. धागा नुसता मागेपुढे गेलेला असतो आणि कडा केसाळ दिसतात. सतराव्या शतकाची म्हणून मिरवणारी लेस अशी निघाली तर लाजायचे कारण नाही. पाटी बदलावी.

हा रकाना केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. वस्तू कशाची आणि कशी केली हे माहीत नसेल, तर ती नेमकी चुकीच्या जागी ठेवली जाते. जुन्या भरतकामात फुले शाबूत आणि त्यांची काळी-तपकिरी बाह्यरेषा तेवढी गळून गेलेली, असे दिसते. तो उंदराचा किंवा कसरीचा प्रताप नसतो. लोह आणि टॅनिन वापरून केलेला काळा रंगच धाग्याला खातो. रेशमाचेही तसेच. कच्च्या रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढताना त्याचे वजन जवळपास पाव भागाने घटते. ती तूट भरायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे क्षार चढवत. असे रेशीम अंधाऱ्या कपाटातही घडीवर चिरत जाते, त्यामुळे त्याची घडी घालूच नये.

फण्या आणि पंख्यांच्या काड्या हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीच्या समजून लेसशेजारी ठेवतात. त्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या, असतील तर कापराचा वास येतो. सेल्युलॉइड कुजताना आम्ल सोडते आणि शेजारचे कापड, धातू खराब करते. अशा वस्तू वेगळ्या आणि हवा खेळती राहील अशा ठेवाव्या.

बाकीची व्यवस्था मोजकी आहे. मांजरपाट गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढावी, मगच ते वेष्टणाला वापरावे. लेस आम्लरहित कागदासह नळीवर गुंडाळावी. भरतकाम गुंडाळताना नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे चुण्या अस्तरावर पडतात. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आत हवा. टाचण्या, स्टेपल आणि चिकटपट्टी यांना पूर्ण बंदी असावी. नोंदक्रमांक सुती फितीवर लिहून अस्तराला सैल टाक्यांनी शिवावा. लेस मांडण्याआधी खळ आणि इस्त्री करण्याचा उत्साह कृपया आवरायला सांगावा. खळीवर कसर येते. कीड लागलीच तर डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. कापड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान एक आठवडा ठेवावे. नंतर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर दव थेट कापडावर धरते. सेल्युलॉइड किंवा रंगवलेले पंखे मात्र या गोठवणीत घालू नयेत.

यासाठी लागणारे सामान म्हणजे प्रत्येक संग्रहालयाला एक भिंग, पेन्सिल, आम्लरहित कागद आणि कापडाची ओळख असलेला एक माणूस. शेवटची गोष्ट बाजारात मिळत नाही. म्हणून नोंद करणाऱ्यांना सुईच्या आणि कांड्यांच्या, अशा दोन्ही प्रकारच्या लेसचा वीतभर नमुना स्वतः करायला लावणारे प्रशिक्षण आदेशातच घालावे. आदेश निघाल्यावर सुरुवात 'पांढरी, जुनी' एवढेच लिहिलेल्या नोंदींपासून व्हावी.

आपले,
जुन्या वस्त्रांची नोंद आणि निगा करणारे