कार्टूनच्या आवाजाची वाट दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र आपल्याला खासगीत पाठवता आले असते, पण ते जाहीरपणे लिहावे असे वाटले, त्याला कारण आहे. परदेशी कार्टून मराठीत आले की पडद्यावर मूळ चित्रकारांची आणि निर्मात्यांची नावे भराभर सरकतात. मराठी आवाज कोणाचे, हे क्वचितच कळते आणि त्या आवाजांना तासन्‌तास काचेपलीकडून घडवणाऱ्या डबिंग दिग्दर्शकाचे नाव तर बहुधा कुठेच येत नाही. आपण अशा दिग्दर्शक आहात. आपले नाव मी येथेही लिहीत नाही, कारण ते लिहिलेले आपल्याला आवडणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. ज्यांना कळायचे त्यांना ते कळेलच.

विदर्भातल्या एका आकाशवाणी केंद्रावर मी नैमित्तिक उद्घोषक होतो. महिन्यातून ठरावीक ड्यूट्या, कार्यक्रमांचा क्रम सांगणारी क्यू शीट, आवाज कमीजास्त करणाऱ्या फेडरवर बोट आणि समोर न दिसणारा श्रोता एवढेच माझे जग होते, आणि ते मला मनापासून आवडत होते. मुंबईला आलो तो जाहिराती आणि माहितीपटांचे निवेदन मिळेल या आशेने. 'आवाज छान आहे' हे प्रशस्तिपत्र सोबत होतेच. आपल्याकडे एका घाबरट कोल्ह्याच्या भूमिकेसाठी ऑडिशन दिली, तेव्हा या छान आवाजाचे नेमके काय करायचे हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. वाघ मागे लागलेला असताना कोल्हा ओरडतो तो संवाद मी स्वच्छ उच्चारांत, शेवटच्या शब्दावर सूर अलगद खाली आणून म्हटला. काचेपलीकडून बोलण्याच्या टॉकबॅकवरून आपण शांतपणे विचारलेत, "बातम्या संपल्या का?" रेकॉर्डिस्ट हसला, मीही हसलो. मग आपण मला घरी पाठवून देण्याऐवजी बाहेर चहाला बोलावलेत आणि केसी केसम या अमेरिकन निवेदकाची हकिकत सांगितलीत. माझ्या पुढच्या कामाचा पाया त्या हकिकतीवर उभा आहे, म्हणून ती येथे सविस्तर लिहितो. आपण सांगितली तशी, आणि नंतर मी शोधून वाचली तशी.

केसम १९३२ साली डेट्रॉइटमध्ये जन्मला. आईवडील लेबनीज, द्रुझ या धार्मिक समाजातले, वडिलांचा किराणा मालाचा धंदा. कोरियातल्या युद्धाच्या काळात तो लष्करी रेडिओवर निवेदन करत होता, आणि परतल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात अशी रेडिओ केंद्रे बदलत साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पोहोचला. गाण्यांच्या अधूनमधून तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून काल्पनिक पात्रे उभी करायची, त्यांच्याशी आपणच गप्पा मारायच्या, असा त्याचा कार्यक्रम असे. एके दिवशी केंद्राच्या व्यवस्थापकाने सांगितले की ही पात्रे बंद करा आणि गाण्यांविषयी बोला. कार्यक्रम सुरू व्हायला फार वेळ नव्हता. केसम पुढे अनेकदा सांगत असे की, त्या वेळी कचऱ्याच्या टोपलीत त्याला पॉप गायकांच्या माहितीचे एक मासिक सापडले. त्यातली एकेका गायकाची गोष्ट त्याने गाण्याआधी अर्धी सांगायची आणि नाव मात्र गाणे झाल्यावर उघड करायचे, असे सुरू केले. हीच त्याची पुढची शैली ठरली.

आपण येथे थांबून मला विचारले होतेत, "मग त्या पात्रांचे काय झाले असेल?" मी गप्प राहिलो. आपणच उत्तर दिलेत की ती पात्रे कार्टूनमध्ये गेली. १९६८ साली त्याला बॅटमॅनच्या कार्टूनमधल्या रॉबिनचा आवाज मिळाला, आणि १३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएस वाहिनीवर स्कूबी-डू ही मालिका सुरू झाली तेव्हा शॅगी या सडपातळ, भित्र्या आणि सतत भुकेल्या पोराचा आवाज त्याचा होता. ज्या उचापतींना रेडिओत जागा उरली नव्हती, त्यांच्यावर त्याने जवळजवळ चाळीस वर्षे काम मिळवले.

या भूमिकेची गंमत अशी की त्याला ती नकोच होती. त्याचे मन त्याच मालिकेतल्या फ्रेड या देखण्या, धीट तरुणाच्या भूमिकेवर होते, आणि फ्रेडचा आवाज झालेल्या फ्रँक वेल्करला शॅगी करायचा होता. निर्मात्यांनी नेमके उलटे केले. केसम तेव्हा ३७ वर्षांचा होता, आणि वयात येणाऱ्या मुलाचा मधेच फुटणारा, चिरकणारा आवाज त्याने काढला. तो आवाज त्याने रेडिओवरच्याच एका जुन्या विनोदी मालिकेतल्या शाळकरी पोरावरून घेतला, असे सांगितले जाते. म्हणजे कार्टूनमध्येही त्याची शिदोरी रेडिओचीच होती. फक्त ती निवेदकाच्या खुर्चीतून आलेली नव्हती, तर श्रोता म्हणून कानात साठवलेली होती. "तुम्ही काय बोललात ते विसरा, काय ऐकलेत ते आठवा," असे आपण मला त्या दिवशी म्हणालात. मला आमच्या गावच्या बाजारातला, बोलताना मधेच श्वास संपणारा एक कापडविक्या आठवला, आणि पुढच्या खेपेला कोल्हा त्याच्या श्वासात बोलला. भूमिका मला मिळाली.

श्वासाचा हा धडा सर्वांत मोठा होता. रेडिओवर श्वास लपवायचा असतो. वाक्य कुठे तोडायचे, मान किंचित वळवून हवा कशी आत घ्यायची, 'प' आणि 'फ' माइकवर फुटू कसे द्यायचे नाहीत, यावर आम्हा उद्घोषकांची वर्षे जातात. डबिंगमध्ये तोच श्वास निम्मा अभिनय असतो. पात्र जिना चढते, दचकते, पाण्यात पडते, भजी तोंडात कोंबून बोलते, आणि या प्रत्येकाचा निराळा 'एफर्ट' द्यावा लागतो. संवाद संपल्यावर आपण केवळ एफर्ट्सची यादी घेऊन बसत असा: धाप, उसासा, गिळणे, कुंथणे, उचकी. खाण्याचा आवाज काढताना हाताची मागची बाजू ओठांशी धरायची आणि किंचाळताना माइकपासून तोंड थोडे फिरवायचे, म्हणजे रेकॉर्डिंग फाटत नाही, हे आपण स्वतः काचेच्या या बाजूला येऊन करून दाखवलेत. ओठ जुळवण्याचेही तसेच. चित्रातल्या पात्राचे ओठ वाक्याच्या आरंभी मिटलेले असतील तर 'थांब' तेथे बसत नाही, 'पुरे' बसते, आणि असा बदल लेखकाला विचारून जागच्या जागी करायचा असतो, हे मला कोणत्याही कार्यशाळेत कळले नसते.

अमेरिकेत बहुधा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रे त्याबरहुकूम काढली जातात. आपण मात्र तयार चित्राच्या ओठांमागे धावतो. केसमला जे स्वातंत्र्य होते ते आपल्याला नाही, अशी तक्रार मी एकदा केली होती. आपण ती ऐकून घेतलीत आणि 'पुढचा लूप', म्हणजे डबिंगचा पुढचा तुकडा, एवढेच म्हणालात. यापेक्षा योग्य उत्तर असू शकत नव्हते.

सगळेच रेडिओवाले केसमच्या वाटेने गेले नाहीत, हेही आपणच सांगितलेत. लॉस एंजेलिसच्या केएमपीसी केंद्राचा लाडका निवेदक गॅरी ओवेन्स याने १९६६ साली स्पेस घोस्ट या अंतराळवीराला आवाज दिला तो आपला भारदस्त निवेदकी आवाज जवळपास तसाच ठेवून. त्याचा विनोदच त्या भारदस्तपणात होता. पुढे ब्लू फाल्कनसारख्या पात्रांत त्याने तोच गंभीर सूर अतिशय वेड्या प्रसंगांना लावला. म्हणून माझ्या 'बातम्यांच्या' आवाजाची आपण हेटाळणी केली नाहीत. एका मालिकेतल्या आत्मप्रौढ पोलीस निरीक्षकासाठी तोच आवाज आपण मुद्दाम मागून घेतलात, आणि मुलांना तो निरीक्षक कोल्ह्याइतकाच आवडला. मला विचाराल तर ओवेन्सचे काम थोडे अधिक अवघड आहे, कारण स्वतःच्या आवाजाची थट्टा करायला त्याच्यावर हुकमत लागते; पण याबाबत आपले मत वेगळे आहे हे मला माहीत आहे.

रेडिओ सोडू नका, हा आपला आग्रहही केसमच्याच उदाहरणावरून आला होता. स्कूबी-डू सुरू झाल्यावर दहा महिन्यांच्या आत, ४ जुलै १९७०च्या सुमारास, 'अमेरिकन टॉप ४०' हा त्याचा साप्ताहिक कार्यक्रम अवघ्या सात केंद्रांवरून सुरू झाला. बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीतली चाळीस गाणी, चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत. आपल्याकडच्या वाचकांना हे समजायला बिनाका गीतमाला पुरे आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे अमीन सयानी आणि हा केसम, दोघांचाही जन्म १९३२चा. दोघांनीही 'या आठवड्यात वरचे गाणे कोणते' या साध्या उत्सुकतेवर घरोघरची माणसे रेडिओभोवती बसवली. केसमने आपल्या कार्यक्रमात दूरच्या माणसासाठी गाणे लावण्याची विनंती करणारी श्रोत्यांची पत्रेही वाचली. शनिवारी सकाळी भुताला घाबरून पळणारा पोरगा आणि आठवड्याच्या शेवटी पत्र वाचताना गहिवरणारा निवेदक एकच, हे कितीतरी मुलांना मोठे झाल्यावरच कळले असेल. २००९ साली त्याने रेडिओचे काम थांबवले आणि शॅगीचा आवाजही त्याच वर्षी सोडला. २०१४ साली तो वारला. मीही आकाशवाणीच्या ड्यूट्या जमतील तशा घेत राहिलो. प्रवासाचा खर्च मानधनातून निघत नाही, तरीही.

आता ज्या प्रसंगासाठी मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे त्याविषयी. एका मालिकेत मालकाच्या घरचा मूर्ख नोकर होता, आणि मराठी आवृत्ती मागवणाऱ्या कंपनीचा निरोप आला की हा नोकर वऱ्हाडीत बोलवा, 'मजा येईल'. मूळ मालिकेत त्या नोकराची बोली वेगळी नव्हती. वऱ्हाडी ही माझ्या घरची बोली आहे. माझी आजी, माझे शिक्षक आणि मी ज्यांचे शेतीविषयक कार्यक्रम सादर केले ते जाणते शेतकरी तीच बोलतात. मी नवा होतो, काम गमवायची भीती होती, म्हणून माइकसमोर नुसता उभा राहिलो. आपण रेकॉर्डिंग थांबवलेत आणि मला न विचारता माझी अडचण ओळखलीत.

त्या संध्याकाळी आपण केसमच्या दोन नकारांविषयी सांगितलेत. 'ट्रान्सफॉर्मर्स' या मालिकेत तो क्लिफजंपर या यंत्रमानवाचा आवाज होता. १९८६च्या एका भागात एक काल्पनिक अरब देश दाखवला होता आणि त्याचे नावच 'कार्बॉम्ब्या' ठेवले होते. ते पाहून लेबनीज आईवडिलांच्या या मुलाने मालिका सोडली. पुढे १९९५मध्ये बर्गरच्या जाहिरातीत शॅगीचा आवाज देण्यास त्याने नकार दिला, कारण तो स्वतः मांसाहार करत नव्हता. त्यापायी शॅगीची भूमिका काही वर्षे दुसऱ्यांकडे गेली. २००२ साली नव्या मालिकेत तो परतला तो शॅगीही शाकाहारी असेल या अटीवर. एवढा खाबू पोरगा शाकाहारी झाला आणि कोणाचे काही बिघडले नाही.

दुसऱ्या दिवशी आपण कंपनीला फोन केलात. काय बोललात ते मला आजही पूर्ण ठाऊक नाही. त्यांनी आपले अर्धेच ऐकले: नोकर साध्या मराठीत बोलेल हे मान्य झाले, परंतु वऱ्हाडी हवीच, म्हणून ती गावातल्या वैद्याला द्यायचे ठरले. तो वैद्य मालिकेतला सर्वांत हुशार माणूस आहे. "काऊन बे, औषध घेतलं का नाई?" हे त्याचे वाक्य आता अमरावतीकडची पोरे एकमेकांना म्हणतात, असे माझ्या भाच्याने सांगितले. तो माझाच भाचा असल्यामुळे या साक्षीवर फार विसंबू नये. वैद्याचा आवाज मात्र आपण मला न देता अकोल्याच्या एका ज्येष्ठ रंगकर्मीला दिलात, आणि ते बरोबर होते. माझ्या वऱ्हाडीवर आकाशवाणीची इस्त्री फिरलेली आहे.

बाकीची मदत थोडक्यात लिहितो, कारण तिचा उल्लेख आपल्याला अवघड वाटेल. बिल कसे लिहायचे, तासाचा दर आणि भागाचा दर यांत फरक काय, एकाच फेरीत तीन-तीन पात्रे फुकट करून घेणाऱ्यांना कसे ओळखायचे, घसा बसला असेल त्या दिवशी किंचाळण्याचे लूप शेवटी ठेवायला कसे सांगायचे, हे आपण शिकवलेत. एका स्टुडिओने माझे पैसे अडकवून ठेवले होते, तेव्हा ते कोणाच्या शब्दाने सुटले, हेही मला उशिरा का होईना समजले.

या सर्वांसाठी मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

वैद्याच्या मालिकेचे पुढचे भाग डबिंगला येत आहेत, असे रेकॉर्डिस्टकडून कळले. या वेळी त्याचे संवाद वऱ्हाडीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते मी आजीकडून एकदा तपासून घेऊन आपल्याकडे पाठवीन. कंपनीकडे जाण्यापूर्वी आपण त्यावरून नजर फिरवावी आणि जेथे ओठ जुळणार नाहीत तेथे लाल खूण करावी, ही विनंती.

आपला नम्र,
आपला कोल्हा